न गायलेली भैरवी

फोनवर गायिकाबाईंचं नाव दिसलं आणि इरावतीनं समोरचा पेपर उलटा करून ठेवला. ती फ्रीलान्स पत्रकार. संपादकांना घाई, म्हणून काल मध्यंतरातच तिनं मैफलीचं परीक्षण धाडलं होतं. शेवट भैरवीनेच होणार, या भरवशावर न ऐकलेल्या भैरवीचंही भरभरून कौतुक केलं होतं. सकाळी ते छापून आलं, आणि मग कळलं की बाईंनी भैरवी गायलीच नव्हती.

"बाई, चुकलं माझं. उद्याच दुरुस्ती छापायला सांगते. मग मला कुणी काम देवो न देवो."

"थांब गं. काल गळ्यानं दगा दिला. डॉक्टरांनी गाणं बंद केलंय. कायमचं."

इरावतीनं पेपर पुन्हा सुलटा केला.

"तुझी भैरवी चारदा वाचली," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "दुरुस्ती नको छापूस. तेवढी एक राहू दे मला."