मालनची मालिका

टीव्हीवर सकाळपासून नुसत्या मुंग्या होत्या. बंकट केबलवाला माळवदावर जाऊन छत्री फिरवत होता, खाली येऊन पडदा बघत होता, पुन्हा वर जात होता. शेवटी त्यानं हात झटकले.

"ते चॅनल गेलं, वैनी. तिकडूनच बदललंय म्हनं. आता आपल्या छत्रीत न्हाई यायचं."

मालननं त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर ती टीव्हीसमोर तशीच बसून राहिली. नवरा, रुद्रेश, सुरतेहून आला की त्याला काय सांगायचं, ते तिनं तेव्हाच ठरवलं. मला आईकडं पोचव. परत आणू नको.

तिचं खरं नाव माली. बँकॉकमध्ये रुद्रेश ज्या कापडाच्या दुकानात कामाला होता, त्याच्या शेजारी तिची मावशी फुलांचे हार विकायची. माली मावशीच्या हाताखाली असे. ओळख झाली, मग लग्न. पुढं रुद्रेशचे वडील वारले आणि युसूफ वडगाव या आपल्या गावातलं त्यांचं दुकान सांभाळायला तो तिला घेऊन परतला. ते साल शहाण्णव. गावाला माली म्हणता येत होतं, पण गावानं तिची मालन केली.

रुद्रेश चांगला होता. पण दुकान, आठवडी बाजार, सुरतेची खरेदी यांतून तो घरी यायचा तो जेवायला आणि झोपायला. दिवस सासूबरोबर काढायचा असे. शिवम्मा सुनेला टाकून बोलत नसे. ती बोलतच नसे. घर लिंगायत; गळ्यात इष्टलिंग नसलेली सून तिनं चुलीपाशी येऊ दिली नाही, मात्र ताट वेळेवर वाढलं, आणि त्यात कधी काही कमी पडू दिलं नाही. पाहुणे आले की ती म्हणे, "ही रुद्रेशची बायको." माझी सून, असं तिच्या तोंडून कधी निघालं नाही.

दोन वर्षांनी रुद्रेशनं माळवदावर मोठी छत्री बसवून घेतली. पहिल्या दिवशी थायलंडच्या बातम्या लागल्या. कुठल्याशा रस्त्यावर पाणी साचलंय, गाड्या दुसरीकडून वळवल्यात, एवढंच बातम्या देणारी बाई सांगत होती. मालन ढसाढसा रडली. रुद्रेश घाबरला. कोण गेलं, असं त्यानं विचारलं. तिला सांगता आलं नाही. किती तरी दिवसांनी कुणाचं तरी बोलणं तिला न धडपडता समजलं होतं.

मग शेजारची भिवराबाई डोकावली. "ह्या बाया नाकातनं बोलत्यात व्हय गं?" म्हणत ती आत येऊन बसली, आणि दुसऱ्या दिवशी आणखी चौघींना घेऊन आली. दुपारी एक मालिका लागायची. आई होडीतून फळं विकते, तिची मुलगी बापाला शोधायला शहरात जाते. मालन मोडक्या मराठीत सांगायची, बाया तिचे शब्द दुरुस्त करायच्या. अशी ती मराठी शिकली. शिवम्मा मागं उंबऱ्यापाशी सूप घेऊन बसायची, भिंतीकडं तोंड करून ज्वारी पाखडायची. तिनं मालिकेतलं कधी काही विचारलं नाही. ती आपल्यावर नजर ठेवायला बसते, असंच मालनला वाटायचं.

आजही दुपारी बाया आल्या. मुंग्या बघून भिवराबाईचं तोंड उतरलं.

"बंद पडलं व्हय? मंग त्या पोरीचं काय झालं?"

आता घरी जा, असं मालनला म्हणायचं होतं. पण तिनं टीव्ही बंद केला आणि त्यांच्याकडं तोंड करून बसली.

"मी सांगते," ती म्हणाली.

"तू बघितलं हाय का म्होरचं?"

"हाय ठाऊक मला. पोरीला बाप सापडला न्हाई. दुसऱ्या देशाचा एक मानूस भेटला. चांगला हाय. त्यानं लगीन केलं, लई लांब नेलं. तिथं होडी न्हाई. नदी हाय, पन पानी न्हाई. काळी माती, सगळीकडं."

भिवराबाईनं शेजारणीकडं पाहिलं.

"तिथं तिला खायाला मिळतं. लुगडं मिळतं. कोनी मारत न्हाई. कोनी भांडत बी न्हाई तिच्यासंगं." मालनचा आवाज खाली गेला. "पोरगी म्हनते, भांडलं असतं तर बरं झालं असतं. आता ती जानार हाय. नवरा आला की सांगनार, मला आईकडं सोड."

मागं सुपाचा आवाज थांबला होता. तो कधी थांबला, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"आन तिची सासू?" शिवम्मानं विचारलं.

बाया वळून बघायला लागल्या. मालन वळली नाही.

"ती अजून गोष्टीत आली न्हाई," ती म्हणाली.

मग शिवम्मानं सूप बाजूला सारलं. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, बायांमधून वाट काढत पुढं आली आणि मालनला लागून खाली बसली. ती तिच्याकडं बघत नव्हती.

"त्या पोरीला म्हनावं, सासू येती हाय," ती म्हणाली. "उशीर झाला तिला, पन येती हाय."