मावशीचा हात

“दाखव गं जरा,” ताई म्हणाल्या. “या साहेबांना कळू दे, आपल्या बायका काय चीज आहेत.”

सुनेने शेजारी बघितलं. सासूने मान वर केली नाही. टेबलाखाली मात्र सासूची टाच तिच्या पावलावर आली आणि दाबून राहिली.

टेबलावर बुटांची खोकी बनत होती. चपट्या पुठ्ठ्याला घड्या घालायच्या, कान आत खुपसायचे, तयार खोकं पायाशी ठेवलेल्या पिंपात टाकायचं. टेबलाभोवतीच्या साऱ्या बायका हे एकाच गतीने करत. ती गती सासूची. वयाने ती सगळ्यांत मोठी. तिला सगळ्या मावशी म्हणत आणि त्या गतीला ‘मावशीचा हात’. मावशीच्या हातापुढे कुणी जायचं नाही. हे कुणी ठरवलं नव्हतं. कुणी मोडलंही नव्हतं. मालकाला वाटे, खोकं बनायला वेळच तेवढा लागतो.

आज विधानसभेतल्या आमदारांची समिती कारखाना बघायला आली होती. किमान वेतन वाढवायचं की नाही, यावरून सभागृहात हमरीतुमरी चालली होती. ताई वाढवा म्हणणाऱ्या. सोबतचे चष्मेवाले नको म्हणणारे, पण बोलायला गोड.

“पगाराला माझी ना नाही हो,” ते आत्ताच म्हणाले होते. “पण हे हात बघा. झोपेत चालल्यासारखे.”

सुनेच्या ते जिव्हारी लागलं. तिने पाय सोडवून घेतला.

मग नुसता पुठ्ठ्याचा आवाज. खोकं, खोकं, खोकं. पिंप भरून वाहिलं. ताईंनी टाळ्या वाजवल्या. चष्मेवाल्यांनी चष्मा पुसला. मुकादम मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता.

*

सभागृहात:

— ती मुलगी मी या डोळ्यांनी पाहिली आहे, अध्यक्ष महाराज.

— आम्हीही पाहिली, पण कारखाने बंद पडले तर—

— तुमचे पडतील.

— खाली बसा. खाली बसा. आधी तुम्ही बसा.

— मंजूर.

*

पगार वाढला. तो हातात पडायच्या आधीच मुकादमाने नवा कोटा जाहीर केला. सुनेने त्या दिवशी दाखवलेली गती, आता सगळ्यांना. महिनाअखेरपर्यंत जिला जमणार नाही, तिने घरी बसायचं.

सून पाणी प्यायला उठली की समोरची ठेंगणी म्हणे, “सरका गं, मोटार निघाली.” पुढे तेही थांबलं. टेबलाने तिच्याशी बोलणंच टाकलं. डबा खाताना तिच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी असे.

घरी तेच. सून दुधाच्या पातेल्यासमोर उभी असायची आणि सासू आपल्या मुलाला सांगायची, “तिला म्हणावं, दूध उतू जातंय.” मुलगा बिचारा निरोप पोचवायचा.

“आई, चुकलं माझं,” सून एकदा म्हणाली.

सासूने मुलाकडे बघितलं. “कुणी काही बोललं का रे?”

*

कोटा कुणालाच जमेना. एकीची बोटं सोलवटली, दुसरी पिंपाशेजारीच घेरी येऊन पडली. मग एका सकाळी ताई आल्या. मुकादमाच्या खोलीत सासूला आणि ठेंगणीला घेऊन बसल्या. दार लावलेलं. बाहेर आल्यावर ठेंगणी शेजारणीच्या कानाला लागली, शेजारीण पुढचीच्या. कुजबुज टेबलाला फेरी मारत आली आणि सुनेच्या अलीकडे थांबली.

“आज मावशींची चाचणी,” मुकादम मोठ्याने म्हणाला. सुनेला कळलं ते एवढंच.

सासू मान खाली घालून बसली. घड्या घालू लागली. सुनेने डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. सासूचे हात रोजच्यापेक्षाही संथ चालले होते. पुठ्ठा उलटा धरत होती. घातलेली घडी पुन्हा उलगडत होती. घाबरलीय, सून मनाशी म्हणाली. माझ्यापायी घाबरलीय.

समोरच्या बायका निवांत होत्या. ठेंगणी तर चक्क गालात हसत होती. म्हातारीची नोकरी जातेय आणि ही हसतेय. माणसं आहेत की कोण?

सासूचं पिंप आणि तिचं पिंप टेबलाखाली एकमेकांना टेकून होती. सुनेने एक खोकं सासूच्या पिंपात सोडलं. कुणी बघितलं नाही. दुसरं सोडलं. मग तिने हात मोकळे केले. असे हात त्या दिवशी समितीपुढेही चालले नव्हते. तिच्या स्वतःच्या पिंपाचा तळ दिसत राहिला. दिसू दे. मला काढतील, आईंना ठेवतील.

मुकादमाने वेळ संपल्याचं सांगितलं. वाकून सासूचं पिंप बाहेर ओढलं. काठोकाठ.

“भरलं की हो, मावशी,” तो म्हणाला. त्याने डोकं खाजवलं, पुन्हा बघितलं आणि सांगायला मालकाच्या खोलीकडे गेला.

समोरच्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. ठेंगणीच्या गालातलं हसू गेलं.

सासूने भरलेल्या पिंपात बघितलं. मग सुनेच्या रिकाम्या पिंपात. मग, कितीतरी दिवसांनी, सुनेच्या तोंडाकडे. सून वाट बघत होती. कौतुकाचा एक शब्द, नाहीतर नुसतं ‘अगं’.

“अगं, मुद्दाम हळू करत होते मी,” सासू म्हणाली. “आज माझं जेवढं होईल, तोच सगळ्यांचा कोटा ठरणार होता.”