पितळेची तोटी

म्हाळू दारात आला आणि त्याला स्वतःचं घरच ओळखू येईना. कुलूप तेच, गंजून लाल झालेलं. भिंतही तीच. पण भिंतीच्या कोपऱ्यात, जिथं नळाचा पाइप जमिनीतून वर आला होता, तिथं पत्र्याच्याही वर गेलेला उंबर उभा होता. अंगण सावलीनं भरून गेलं होतं. मागची मेंढरं जागीच थबकली. त्याच्या बायकोनं, अंजनानं, पायातल्या वहाणा काढल्या.

"ह्यो आपुन लावलता का?" तिनं हळूच विचारलं.

"न्हाई," म्हाळू म्हणाला.

म्हातारी आई होती तोवर ते दर पावसाळ्याला गावी यायचे. आई गेली, आणि मेंढरांमागं जे बाहेर पडले ते सात-आठ वर्षं इकडं फिरकलेच नाहीत. आता आले ते धनश्रीसाठी. पोरीला तलवाड्याच्या शाळेत घालायचं होतं, आणि शाळा काही कळपामागं चालत येत नाही.

गावात बातमीला पाय लागतच असतात. मेंढरं वाड्यात जायच्या आत ग्रामसेविका माया मॅडम हजर झाल्या, आणि त्यांच्यामागं गावाला पाणी सोडणारा सुग्रीव, हातात नळाचा पाना घेऊन. पाणीपट्टी इतक्या वर्षांची थकली आहे, भरा, नाहीतर आजच नळ तोडायचा असं ठरलंय, असं मॅडमनी सरळ सांगितलं.

म्हाळू गांगरला. "नळ तर म्या संगं नेलता," तो म्हणाला.

मॅडमना काही उमगेना. तेव्हा म्हाळूनं कळपातला दांडगा एडका शिंगाला धरून पुढं आणला. एडक्याच्या गळ्यात सुतळीला पितळेची तोटी लोंबत होती. बंद घराच्या दारात पितळ कोण ठेवतो? म्हणून जाताना त्यानं ती काढून घेतली होती. आणि तोटीच नाही म्हटल्यावर नळ आपोआप बंद, पट्टीही बंद, असा त्याचा सरळ हिशोब. तिची चावी ढिली होती, चालताना खुळखुळायची, म्हणून तिची घंटा केली. अंजना इतकी वर्षं नवऱ्याला 'नळवाले पाव्हणं' म्हणून चिडवत आली होती.

सुग्रीव हसून हसून खाली बसला. तोटी काढली की नळ बंद होत नाही बाबा, मोकळा होतो, असं त्यानं समजावलं. आठवड्याला पाणी सुटायचं आणि म्हाळूच्या दारात भडाभडा वाहून जायचं. बूच मारायला म्हणून सुग्रीव एकदा आला होता, पण पाइपापाशी वीतभर उंबर दिसला आणि त्याचा हात धजला नाही. पुन्हा आला तेव्हा त्याच उंबराखाली भाकरी खाऊन गेला. पुढं गावातल्या बाभळीसुद्धा वाळल्या तो उन्हाळा आला, तेव्हा सगळ्या गल्लीची शेरडं या सावलीला बसायची.

मॅडमच्या चेहऱ्यावरही आता हसू आलं होतं. बाई मनानं चांगली होती. "घर बंद होतं, हे गाव सांगेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त म्हणा, पाणी वापरलं नाही. माफीचं मी बघते. नळ मात्र तुटेल."

अंजनानं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. म्हण की! एवढी पट्टी भरायची तर एडकाच विकावा लागणार होता, आणि त्याच्याच पैदाशीवर तर कळप उभा होता.

म्हाळूनं तोंड उघडलं आणि त्याची नजर झाडाकडं गेली. मुळानं पाइप पार गिळून टाकला होता. खोडाला उंबरांचे घोसच्या घोस लगडले होते आणि पाखरांचा नुसता कालवा चालला होता. त्यानं सालीवर तळहात ठेवला. भर दुपारची ती गार लागली. सारा मुलूख पायाखाली घातलेला गडी, पण असलं नवल त्यानं पाहिलं नव्हतं. आपण इथं नव्हतो, आणि आपल्या दारात कुणीतरी घोट घोट पाणी पिऊन एवढं मोठं झालं. म्हाळूचे डोळे भरून आले.

ज्याच्या विहिरीवर कळप पाणी पितो, त्याच्या रानात एक रात्र मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत द्यायचं आणि मगच पुढं निघायचं. बापानं शिकवलेली रीत त्यानं कधी मोडली नव्हती.

"म्या न्हाई पिलो, मॅडम," तो म्हणाला. "पर माझ्या दारात ह्येनं पिलं. मुक्या जिवानं पिलेलं पाणी मालकानं नाकबूल करू न्हाई. पट्टी भरतो."

मग ढोसणारी अंजनाच म्हणाली, की गेवराईच्या बाजारात एडक्याला मोल चांगलं येईल. असं म्हणताना तिनं एडक्याकडं पाहिलं नाही. मॅडमनी बाजारापर्यंतची मुदत दिली. सुग्रीवनं पाना पाठीमागं खोचला आणि पाइपाला अलीकडून फाटा काढून घरासाठी नवी तोटी बसवून देतो म्हणाला.

म्हाळू एडक्याशेजारी खाली बसला. त्याच्या मानेवरून हात फिरवत सुतळीची गाठ सोडली. मग उठून त्यानं तीच सुतळी तोटीसकट उंबराच्या खालच्या फांदीला बांधली आणि गाठ ओढून पाहिली.

"आरं, झाडाला घंटा कावून?" सुग्रीवनं विचारलं. "झाड काय पळून जातंय व्हय?"

"पळंल म्हून न्हाई बांधत घंटा," म्हाळू म्हणाला. "आपलं कोणतं, ते कळावं म्हून बांधत्यात."