खिडकीचं ठिगळ

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका हॉलमध्ये बायका मिळून गोधडी शिवत होत्या. वंशभेदावर बंदी घालणाऱ्या कायद्यानं काय बदललं, ते जुन्या कापडांतून दाखवायचं होतं. वत्सलाताईंच्या पहिल्या ठिगळात खिडकीवर पाटी होती: 'काळ्यांना खोली नाही.' दुसऱ्यात कायद्यानंतरची, पाटी काढलेली खिडकी.

शेजारी बसलेल्या गोऱ्या डोरीननं पिशवीतून जाळीचा पडदा काढला. "माझ्या आईचा. तीही खोल्या भाड्यानं द्यायची."

"मग कायदा आल्यावर पाटी काढली ना तिनं?"

"लगेच. पण बेल वाजली की या पडद्याआडून आधी बघायची, आणि तुमच्यासारखं कुणी असलं की सांगायची, खोली आत्ताच गेली."

पहिल्या बाळंतपणाआधी खोली शोधताना वत्सलाताईंनी हे वाक्य दारोदार ऐकलं होतं. त्यांनी पडद्याचा तुकडा कापून दुसऱ्या खिडकीवर ठेवला, वरची कड शिवली आणि खालची मोकळी सोडली.

"लोकांनी उचलून बघावं," त्या म्हणाल्या.

डोरीननं उचलून पाहिलं. मागे नुसतं कोरं कापड होतं. "इथं काय दाखवायचं?"

वत्सलाताईंनी सुई तिच्या हातात दिली. "ते तू शिव. मी कायम बाहेरच उभी होते."