दोन ते पाच

कांडप यंत्राची तिन्ही मुसळं एकदम थांबली, आणि अपेक्षाच्या हातातलं मिरचीचं घमेलं खाली पडलं.

लाल बटन धैर्यशीलनं दाबलं होतं. सांगलीत त्याचं चटणी-मसाल्याचं दुकान. आपल्या कांडपाला ऑर्डर मिळावी म्हणून चार महिने फोन करून अपेक्षानंच त्याला बोलावलं होतं. एवढ्या धडधडीत बोलणार कसं, म्हणून त्यानं सहज हात लांबवला. दारावर खडूनं लिहिलेलं होतं, ‘दोन ते पाच कांडप बंद होणार नाही. काय हवं ते पाटीवर लिहा.’ ते गावच्या बायकांसाठी असेल, असं त्याला वाटलं.

यंत्रामागच्या भिंतीला पाठ लावून अपेक्षाची नऊ वर्षांची मुलगी शिवांजली बसली होती. ती बोलत नसे. शाळेतून आली की तीन तास तिथंच. भिंतीची थरथर पाठीत उतरली की तिचे हात मांडीवर शांत पडून राहत. आता भिंत गप्प झाली. शिवांजलीनं कानांवर मुठी दाबल्या आणि डोकं मागं आपटलं. एकदा. दोनदा.

तिसऱ्यांदा अपेक्षाचा तळहात मध्ये आला. बटन आता चार पावलं लांब होतं, आणि हात काढता येत नव्हता.

धैर्यशील गोंधळला. पोरीला आवाजाचाच त्रास असणार, बंद केलं ते बरंच झालं, असं काहीसं तो सांगू लागला.

मिरचीची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर नंबर धरून बसलेल्या बनुबाई म्हणाल्या, “आवं पावणं, तिला आवाजाचा न्हाई, गप हुण्याचा तरास हाय. ते हिरवं बटन दाबा आदी.”

त्यानं दाबलं. मुसळं पुन्हा पडू लागली. हळूहळू शिवांजलीच्या मुठी सैल झाल्या. अपेक्षानं हात तसाच ठेवला आणि मानेनं खुंटीवरची पाटी दाखवली.

धैर्यशीलनं पाटी काढून दोन ओळी लिहिल्या आणि तिच्यापुढं धरली. ‘महिन्याला २०० किलो. पण कांडपानं उरकणार नाही, दळायचं मशीन बसवा.’

दळायच्या मशीनला मुसळं नसतात. भिंत हलत नाही.

दोनशे किलोंवर अपेक्षाची नजर जरा अडली. तेवढ्या कामावर एक बाई मदतीला ठेवता आली असती, आणि आठवड्यातून दोनदा शिवांजलीला थेरपीसाठी मिरजेला नेता आलं असतं. तिनं मोकळ्या हाताच्या मनगटानं दुसरी ओळ पुसली.

धैर्यशील मुसळांकडं बघत राहिला, मग पोरीकडं. त्यानं बोटानं एक शून्य पुसलं.

वीस किलोत बाई ठेवता येत नाही. अपेक्षानं मान डोलावली.

बनुबाईंना वाचता येत नव्हतं, पण मान हललेली त्यांनी पाहिली. त्यांनी धैर्यशीलच्या नाकासमोर दोन बोटं धरली. आधी त्यांचे दोन किलो.

तो बाकावर त्यांच्यामागं नंबर धरून बसला. पाठ भिंतीला टेकताच दचकून पुढं सरकला. मग जरा वेळानं त्यानं ती पुन्हा टेकवली.