खुंटीवरची वायर

पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर आपटतो, असं उकंडरावांचं तीस वर्षांचं ठाम मत. म्हणून त्यांनी मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकची वायरच काढून ओसरीतल्या खुंटीला टांगून ठेवली होती. ती गाडी आता सून वंदना चालवायची.

आज ती त्यांना मागे बसवून मलकापूरला निघाली. शेतातून येणाऱ्या दर पांदणीच्या तोंडाशी ती गाडी हळू करायची आणि मागून सासरे म्हणायचे, "काऊन थांबून राह्यली? हॉर्न दे अन् काढ!"

वडनेरजवळ कापसाची ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर मागेपुढे न पाहता पांदणीतून थेट रस्त्यावर आला. मोटरसायकल हातभर अलीकडे सरळ उभी राहिली.

"पाह्यलं?" उकंडरावांनी श्वास सोडला. "मांगचा एकटाच ब्रेक पुरला!"

वंदनाने पुढच्या ब्रेकवरची बोटं सैल केली. "मामाजी, तुमी रोज टोपी कुठी टांगता?"

"ओसरीतल्या खुंटीले. काऊन?"

"दिवाळीपर्यंत त्या खुंटीले वायर होती."