चार कात्रणं

जेवणाची सुट्टी झाली, प्रयोगशाळा रिकामी झाली, तशी बाईंनी दाराला आतून कडी घातली. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी होते. एकावर त्यांच्या मुलाची गुणसूत्रं, दुसऱ्यावर सुनेची. प्रत्येकाची सेहेचाळीस, तेवीस जोड्यांत.

बावीस वर्षं बाई हेच काम करत होत्या. एका पेशीचा मोठा फोटो घ्यायचा, त्यातलं एकेक गुणसूत्र कात्रीनं कापायचं आणि चिमट्यानं उचलून जोडीनं चिकटवायचं. बाकीचे पट्टी लावून मोजत ते बाई नुसतं पाहून सांगत. नातेवाइकांचे नमुने हाताळायचे नाहीत असा नियम होता खरा, पण मोठ्या डॉक्टरीणबाईच म्हणाल्या होत्या, "घरचं प्रकरण आहे, चार लोकांच्या हाती कशाला? तुम्हीच करा."

बाईंनाही तेच हवं होतं. सुनेची चार मुलं पोटातच गेली होती. चारही वेळा बाईंनी खापर तिच्याच डोक्यावर फोडलं होतं, आणि एकदा ते कागदावर यावं म्हणून दोघांना रक्त द्यायला त्यांनीच आणलं होतं.

कागदावर आलं, पण मुलाच्या. त्याच्या पाचव्या जोडीतलं एक गुणसूत्र तोकडं होतं आणि तिथून तुटलेला तुकडा अकराव्या जोडीतल्या एकाला जाऊन चिकटला होता. अशा माणसाला स्वतःला काही होत नाही. चांगला धडधाकट असतो, जेवतो, झोपतो, बायकोवर डाफरतो. त्याची मुलं तेवढी पुष्कळदा जगत नाहीत. सुनेच्या कागदावर सगळं जिथल्या तिथं होतं.

हे कुठून आलं असेल, याचाही बाईंना अंदाज होता. मुलाच्या आधी त्यांचीही दोन गेली होती, आणि तेव्हा त्यांच्या सासूनं त्यांना काय काय ऐकवलं होतं ते त्या अजून विसरल्या नव्हत्या.

नुसती नावं बदलून भागलं नसतं. शेवटची जोडी पाहिली की कागद स्त्रीचा की पुरुषाचा ते लगेच कळतं. म्हणून बाईंनी ओल्या बोळ्यानं मुलाची ती दोन कात्रणं, पाचव्या जोडीतलं तोकडं आणि अकराव्यातलं लांबलेलं, सोडवली, सुनेची त्याच जागची दोन सोडवली आणि इकडची तिकडे लावली. दोन्ही फोटो एकाच मापाचे होते, त्यामुळे अदलाबदल कळणार नव्हती. पाच मिनिटांचं काम. मग त्यांनी कडी काढली आणि डबा उघडला.

अडीच वाजता डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले. सुनेच्या कागदावर त्यांचं बोट थांबलं.

"अरेरे. बाकीच्या पेशी पाहिल्यात?"

"सगळ्यांत तेच आहे."

"तुम्ही लावलंय म्हटल्यावर मी दुसऱ्यांदा काय बघायचं!" त्यांनी दोन्हींवर सही केली आणि बाहेर बसलेल्या सुनेला आत बोलावलं.

सून रडली नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं तिनं मान हलवत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे हे मला माहेरून आलं?"

"आई किंवा वडिलांकडून आलं असेल. भावंडांतही असू शकतं. कुणी असेल तर तपासून घ्या. रिपोर्टला तीन आठवडे लागतात." बाहेर दुसरा पेशंट खोळंबला होता. डॉक्टरीणबाई उठून गेल्या.

खोलीत दोघीच राहिल्या.

"आई, तुम्ही म्हणायचात तेच खरं निघालं," सून म्हणाली. "आणि मी मात्र मनात तुमचा राग राग करायचे."

बाईंनी टेबलावरचे दोन्ही कागद गोळा केले.

"धाकटीला तिसरा महिना लागलाय. तिला सांगायला हवं." टेबलावरचा फोन सुनेनं जवळ ओढला आणि नंबर फिरवला. तिनं बहिणीला शांतपणे सगळं सांगितलं. पुढचं मात्र ती नुसतीच ऐकत राहिली. मधूनच म्हणे, "अगं, पण तपासून तर घे. ऐक ना माझं." शेवटी तिनं रिसीव्हरवर हात ठेवला.

"ती थांबायला तयार नाही, आई. चौथ्या वेळी दवाखान्यात तीच माझ्याजवळ होती ना, सगळं पाहिलंय तिनं. म्हणते, तीन आठवड्यांत पोट दिसायला लागेल, मग माझ्यानं होणार नाही. उद्याच पाडून मोकळी होऊन येते म्हणते." तिचा आवाज आत्ता कुठे कापरा झाला. "तुम्ही बोला. तुम्हाला यातलं कळतं. तुमचं ऐकेल ती."

बाईंनी रिसीव्हर कानाला लावला.

"काकू," पलीकडची मुलगी म्हणाली. रडून रडून तिचा घसा बसला होता. "डॉक्टर काय म्हणाले ते नका सांगू. ताईचं ते तुम्ही स्वतः पाहिलंत का? तुमच्या डोळ्यांनी? तुम्ही सांगाल ते मी मानेन."

सून त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. एक वाक्य बोलायचं होतं. ते बाईंच्या ओठांपर्यंत आलं, आणि मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

"हो," बाई म्हणाल्या. "मी स्वतः पाहिलं."

पलीकडून फोन बंद झाला. सुनेनं त्यांच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

"काय म्हणाली, आई? थांबते म्हणाली ना?"